रुळाचं दुसरं टोक

तिवरबेटावर सगुणाच्या घरी एक पिठाची गिरणी होती, आणि ती तेरा वर्षं साडी नेसून बसली होती.

गिरणी खरीखुरी होती. दगडांची जोडी, मोटर, पट्टा, सगळं जिथल्या तिथे. चौऱ्याऐंशी साली मानपाड्याचा एक गिरणीवाला धंदा मोडून गावी निघाला, तेव्हा सगुणाच्या नवऱ्यानं, गुणाजीनं, ती होडीत घालून खाडीपार आणली होती. त्याच महिन्यात बेटावर वीज आली होती. डोंबिवलीच्या रेतीबंदरावरून खाडीच्या तळावर केबल टाकली होती, चाळीस घरांत चाळीस दिवे लागले होते, आणि बायका दिवसासुद्धा बटण दाबून बघत होत्या. गिरणी दसऱ्याला सुरू करायची ठरलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रेती काढणाऱ्या कुठल्याशा होडीच्या नांगराला केबल लागली आणि गळाला वाम लागावी तशी वर आली. बावीस दिवसांचा उजेड संपला.

धूळ बसू नये म्हणून सगुणानं आपली जांभळी साडी गिरणीवर टाकली. चार दिवसांसाठीच. पुढे गुणाजी गेला, लेक लग्न होऊन वसईला गेली, साडी तशीच राहिली. दर दसऱ्याला सगुणा तिला हळदकुंकू लावी, फूल वाही, आणि तांदळाची गोणी डोक्यावर घेऊन डोंबिवलीला दळायला जाई. येताना एखादी लाट आत आली की पिठाची खळ. ती घरी आणून तिचे पापड करायचे आणि मुद्दाम केले असं सांगायचं.

शेजारची आवडाबाई रोज सकाळी कुडावरून डोकावे. "सगुणा, तुझ्या सवतीला चाय दिलीस काय गो?"

"सवत असती तर बरं झालं असतं," सगुणा म्हणे. "चार भाकऱ्या तरी थापल्या असत्या मेलीनं."

असं तेरा वर्षं चाललं. मग सत्त्याण्णवच्या माघात रेतीबंदरावर एक पिवळं यंत्र येऊन उभं राहिलं, आणि त्याच्याबरोबर सुमेधा नावाची एक इंजिनीअर मुलगी.

सुमेधा कल्याणची. अंगानं काडी, डोक्यावर मोठं हेल्मेट. लांबून बघणाऱ्याला अळंबी चालत आल्यासारखं वाटे. गावदेवीच्या पारावर बसून तिनं सगळ्यांना समजावलं. खाडीच्या तळाला हात लावायचा नाही. त्या काठावर तिरकं भोक पाडायचं, तळाच्या खालून, चिखलातून आडवं जायचं आणि इकडे बेटावर वर यायचं. त्या भोकातून पाइप ओढायचा, पाइपातून केबल. मग नांगर कितीही फिरवा.

दामाजी पुढे सरकला. बेटावरचा सगळ्यात जुना कोळी, आणि सगळ्यात कडू तोंडाचा. "म्हंजे घुशीसारखा?"

"हो काका, अगदी घुशीसारखं."

"घुशीला ठावं असतं कुठं बाहेर निघायचं. तुझ्या घुशीला कोन सांगनार?"

"मी," सुमेधा म्हणाली.

हा 'मी' सगुणाला फार आवडला. इतक्या काडीच्या अंगात एवढा सरळ 'मी' तिनं कधी ऐकला नव्हता.

सांगायची रीत अशी होती. यंत्र एकामागे एक सळ्या जोडत जमिनीत रेटायचं. पहिल्या सळीचं तोंड तासलेल्या बोरूसारखं तिरकं. फिरवत ठेवलं तर ते सरळ जाई. फिरवणं थांबवून नुसतं रेटलं तर तिरकं तोंड ज्या अंगाला असेल तिकडे वळे. त्या तोंडाच्या मागे बॅटरीवरचं एक बोटभर यंत्र बसवलेलं होतं, ते आतून सतत हाक मारत राही. वर सुमेधा हातात एक पेटी धरून ती हाक ऐके: किती खोल, कुठल्या अंगाला. मग वॉकीटॉकीवर काठावरच्या तानाजीला सांगे. तानाजी साताऱ्याचा, यंत्र चालवणारा, गडी भरवशाचा. पण त्याला आतलं काही दिसत नसे. जमिनीवर हे सोपं. पेटी घेऊन चालत जायचं. खाडीवर चालणार कसं? म्हणून होडी.

पहिला प्रयत्न अमावास्येच्या सकाळी झाला. पुस्तकात बघून सुमेधानं दिवस निवडला होता: ओहोटीला सगळ्यात कमी पाणी त्या दिवशी. पुस्तक चुकलं नव्हतं. पण अमावास्येला पाणी जितकं उतरतं तितकंच ओढतंही, हे पुस्तकानं सांगितलं नव्हतं आणि सुमेधानं बेटावर कुणाला विचारलं नव्हतं. रेतीवाल्यांची इंजिनाची होडी भाड्यानं घेतलेली; ती मुंब्र्याकडे पळायची, वळवली की भिवंडीकडे पळायची. पेटीतला आकडा क्षणभरही ठरेना. दुपारी बाराच्या सुमाराला घूस हरवली, आणि भोक ढासळू नये म्हणून सळ्यांबरोबर पाण्यात कालवून सोडतात ती पांढरी माती खाडीत भसकन वर आली. नेमकी आवडाबाईच्या जाळ्याशी.

"माझ्या जाल्यातल्या बोयांना चुन्याची आंघोल घातली!" आवडाबाई पारावर उभी राहून ओरडली. संध्याकाळी सगळा गाव जमला होता. सुमेधा खाली मान घालून बसली होती. ही नुसती माती असते, मासळीला विष नाही, हे ती चार वेळा सांगून चुकली होती. दामाजी म्हणाला, "पुरे झालं. यंत्र घेऊन जा म्हनावं."

यंत्र तसंही जाणारच होतं. नऊ दिवसांनी त्याला नाशिकच्या कामावर पोचायचं होतं. एकदा गेलं की परत कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सगुणा उठली. बाईनं सभेत उठायची पद्धत नव्हती, पण तेरा वर्षं टोमणे खाल्ले की पद्धतीचं फारसं काही वाटत नाही.

"एक डाव आनखी," ती म्हणाली. "होडी मी धरते."

"आनि नाय जमलं तर?" दामाजीनं विचारलं.

सगुणानं एकदा आपल्या घराकडे बघितलं. "नाय जमलं तर ती गिरनी माझ्या हातानं खाडीत लोटते. मंग परत कुनी सवतीची मस्करी करायची नाय."

आवडाबाईनं पदर तोंडाशी नेला. मस्करी करणं वेगळं. पण गिरणी खाडीत जाईल असं कुणी मनात आणलं नव्हतं.

दामाजीनं मळलेली तंबाखू ओठात धरली. मग म्हणाला, "होडीला दोन काठ्या लागतात. दुसरी मी धरीन. नायतर ही वयनी पोरीला बुडवंल."

हे ऐकून लोक चकित झाले, कारण दामाजीचं आणि गुणाजीचं हाडवैर. पंचवीस वर्षं दोघं एकमेकांच्या अंगणातून गेले नव्हते. कारण खुंटांचं. जाळं बांधायचा खुंट खाडीच्या तळात ठोकतात, आणि मोठ्या उधाणाला चांगले चांगले खुंट उपटून वाहून जातात. बेटावर दोनच खुंट कधी हलले नाहीत: एक गुणाजीचा, एक दामाजीचा. 'हाताला गुण हाय' असं दोघांबद्दलही बोलत, आणि कुणाच्या हाताला जास्त यावरून दर शिमग्याला तंटा होई. गुणाजी गेला त्या दिवशी लोक म्हणाले, खुंट ठोकणारा हात गेला. सगुणाला त्या वाक्यावर वर्षभर धीर धरता आला होता.

दुसऱ्या दिवशी ती सुमेधाच्या तंबूत गेली. मुलगी भरती-ओहोटीचं पुस्तक समोर घेऊन बसली होती आणि पोहे थंड करत होती.

"आधी खा," सगुणा म्हणाली. "आनि ते पुस्तक मीट. अष्टमीला करायचं."

"अष्टमीला? मावशी, अष्टमीला ओहोटी नीट लागतच नाही. पाणी जास्त असतं."

"जास्त असतं, पन मेलेलं असतं. आमी भांग बोलतो त्याला. बाराच्या पुढं-मागं होडी अशी उभी ऱ्हाते, तू वर बसून तांदूल निवड."

सुमेधानं कागदावर आकडे मांडले. पाण्याची खोली, त्याखाली चिखल, त्याखाली घूस. "साडेनऊ मीटर होतात. पेटीला दहापर्यंतच ऐकू येतं."

"मंग येतंय ना ऐकू?"

"येतं. पण जेमतेम."

"जेमतेमच तर सगलं असतं गो," सगुणा म्हणाली आणि पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली.

फाल्गुनातली अष्टमी. ऊन चांगलं तापलेलं. आता इंजिनाची होडी नाही. सगुणाची लाकडी होडी, पुढे एक लांब बांबू, मागे एक. सुमेधानं निघण्याआधी होडी झडती घेतल्यासारखी तपासली. लोखंड जवळ असलं की पेटी बहकते, ती म्हणाली. नांगर काठावर ठेवला, कोयता ठेवला. मग तिनं दामाजीकडे हात पुढे केला.

"काय?"

"अडकित्ता, काका."

"त्याच्यात केवढंसं लोखंड!"

"काका."

दामाजीनं कमरेचा अडकित्ता काढून असा दिला की जणू कुणी दात मागितले. "सुपारी काय हिच्या पेटीनं फोडू?" तो पुटपुटला.

काम सुरू झालं. होडी दोन बांबूंमध्ये खिळल्यासारखी उभी राही. तानाजी एक सळी रेटे, सुमेधा गुडघ्यावर बसून पेटी पाण्याशी धरे. "पाच ऐंशी. सरळ आहे." मग बांबू उपसायचे, होडी तीन मीटर पुढे सरकवायची, पुन्हा बांबू. रेषेसाठी सगुणाला दोरी लागत नव्हती. पाठीमागे डोंबिवलीच्या देवळाचा कळस पाण्याच्या टाकीच्या बरोबर मध्ये दिसला पाहिजे, पुढे बोंबील वाळत घालायच्या वलांडीचा तिसरा खांब गावदेवीच्या झेंड्याखाली. एवढं जुळलं की होडी रेषेवर. सुमेधानं पहिल्या चार वेळा आपल्या दुर्बिणीनं ताडून बघितलं. पाचव्या वेळेला दुर्बीण पिशवीत घातली.

तिला पोहता येत नव्हतं, हे सगुणाला तिच्या पायांवरून कळलं. पायांची बोटं होडीच्या फळीला घट्ट धरून होती. पण आवाज एकदाही हलला नाही.

"सात दहा. तानाजीदादा, थोडं खाली. सहा वाजता तोंड करा आणि रेटा."

"सहा वाजता?" दामाजी म्हणाला. "आता तर बारा वाजायचेत."

"तोंडाची दिशा सांगते काका, घड्याळासारखी. सहा म्हणजे खाली."

"असं होय. मना वाटलं संध्याकालपर्यंत बसवतेस."

बाराला पाणी थांबलं. खरंच थांबलं; वर पडलेलं तिवराचं पान जागचं हललं नाही. अर्धी खाडी झाली होती. सळी रेटली गेली, सुमेधानं पेटी धरली आणि पेटीवर टिचकी मारली.

"काय गो?"

"थांबा. नऊ वीस… पाच… अकरा?" तिनं पेटी उचलून पुन्हा धरली. "डावीकडे दाखवतंय. आता उजवीकडे." तिचा चेहरा पिठासारखा झाला. "हरवलं. मावशी, पुन्हा हरवलं."

वॉकीटॉकी खरखरला. "मॅडम, काय करू? मागं घेऊ का सळ्या? म्हणाल तर घेतो, पण मग आज पुन्हा इथवर यायचं न्हाई."

सगुणानं मान वळवून खुणा बघितल्या. कळस टाकीत होता. खांब झेंड्याखाली होता. मग तिनं आडवं बघितलं, पारसिकच्या डोंगराची सोंड जिथे तिवरांना टेकते तिकडे, आणि तिच्या हातातला बांबू जड झाला. ही जागा तिनं डोळे मिटून ओळखली असती. गुणाजीचा खुंट इथेच होता.

आणि तो का हलत नव्हता, हे या जगात एकट्या सगुणाला ठाऊक होतं. गुणाजीनं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, जाळं विणता विणता सांगितलं होतं. खुंटाला हाताचा गुण नव्हता. खुंट नावापुरता होता. दोरखंड बांधलेला होता तळात पुरलेल्या रुळाच्या तुकड्याला. रेल्वेमार्गाच्या कडेला गंजत पडलेला तो तुकडा गुणाजीनं उचलून आणला होता. "एकट्यानं," तो छाती फुगवून म्हणाला होता. "कुनाला बोललीस तर बघ." ती कुणाला बोलली नव्हती. आणि आता बोलायचं तर कुणासमोर? होडीच्या दुसऱ्या टोकाला दामाजी उभा होता. आज संध्याकाळी पारावर हसत हसत सांगेल: वाहवा, काय हात व्हता गुणाजीचा! चोरीचा रूल!

न बोलावं तर तानाजी सळ्या मागे घेईल. यंत्र नाशिकला जाईल. गिरणी खाडीत जाईल, तीही याच हातानं.

मेलेल्या माणसाचं नाव आणि गिरणीचे दगड. सगुणानं दोन्ही एकदा मनात तोलले. मग तिला आठवलं की ती गिरणी खाडीपार आणताना गुणाजी होडीभर गात होता.

"पोरी," ती म्हणाली, "पेटी बिघडली नाय. खाली लोखंड हाय."

"इथे? खाडीच्या मधोमध?"

"रुलाचा तुकडा. रेल्वेचा. माझ्या नवऱ्यानं पुरलेला, खुंटाला धरून ऱ्हावा म्हनून." तिनं दामाजीकडे बघितलं नाही. "त्यांच्या हाताला गुण नव्हता. एकट्यानं रूल आनून पुरला, बस."

दामाजीनं मागचा बांबू चिखलात खचकन आणखी खोल खुपसला.

"कोन बोल्लं एकट्यानं?" दामाजीनं विचारलं.

"ते सवताच बोल्ले."

"खोटारडा मेला!" दामाजी एवढ्यानं ओरडला की काठावरचा बगळा उडाला. "रूल एकट्यानं उचलतो काय कोन? दुसरं टोक माझ्या खांद्यावर व्हतं! हा बघ." त्यानं बंडी खाली ओढली. खांद्याच्या हाडावर सुपारीएवढा जुना टेंगूळ होता. "हा कुठून आला वाटतो तुला? म्हनं एकट्यानं!"

सगुणा बघतच राहिली. "मंग तुमचं भांडन?"

"ते दाखवायला व्हतं. दोगं एकत्र दिसलो असतो तर लोकांनी इचारलं असतं, दोघांचेच खुंट कसे हलत नाय."

"पंचवीस वर्षं, भावजी?"

दामाजी थोडा ओशाळला. "पुढं सवय झाली," तो म्हणाला. मग खाकरून सुमेधाकडे वळला. "आनि ऐक पोरी. इथून सात वाव, म्हंजे तुझ्या चारेक सळ्या पुढं, उजव्या अंगाला, आनखी एक हाय. माझा. तिथं पन तुझी पेटी नाचंल. तेव्हा घाबरू नको."

सुमेधानं एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. "किती खोल पुरलेत?"

"माणूसभर," दामाजी म्हणाला.

"मग आपण त्यांच्या बरंच खाली आहोत." तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला, आणि सगुणाला पारावरचा तो 'मी' पुन्हा ऐकू आला. "तानाजीदादा, मागे घेऊ नका. शेवटचा आकडा बरोबर होता. नुसतं फिरवत सरळ चला, तीन सळ्या. मी सांगेपर्यंत वळवायचं नाही."

"न बघता, मॅडम?"

"न बघता. खाली काय आहे ते कळलंय आता."

तीन सळ्या. नऊ मीटर आंधळं. सगुणानं होडी पुढे नेली, कळस टाकीत धरला, श्वास धरला. सुमेधानं पेटी पाण्याशी टेकवली. आकडा आला आणि जागेवर बसला.

"नऊ दहा," ती म्हणाली. मग तिनं पेटी बाजूला ठेवली, डोळे पुसले आणि पुन्हा पेटी धरली. "सरळ रेषेवर."

सात वाव पुढे पेटी पुन्हा नाचली. दामाजीनं अभिमानानं मान डोलावली. "माझा जरा मोठा हाय त्याच्यापेक्षा," तो म्हणाला.

दुपारी तीनला सगळं बेट गावदेवीजवळच्या खड्ड्याभोवती उभं होतं. तिथून घूस वर येणार होती. सुमेधा पेटी घेऊन काठावरून चालत आली, अडखळली, पुन्हा पेटी बघितली आणि जरा चाचरत म्हणाली, "दीड हात डावीकडे."

दीड हात डावीकडे आवडाबाईची चादरीवर वाळत घातलेली सुकट होती.

"अगं बाय, माझी सुकट!" आवडाबाई चादर ओढायला धावली, तेवढ्यात जमीन फुगली. भाकरी तव्यावर फुगते तशी फुगली आणि फुटली. पांढऱ्या मातीनं माखलेलं, तिरक्या तोंडाचं लोखंड फिरत फिरत वर आलं आणि थांबलं. मग जो आरडाओरडा झाला तो खाडीपार तानाजीला यंत्राच्या आवाजातही ऐकू गेला. त्यानं तिकडून भोंगा वाजवला, वाजवतच राहिला.

आणि आवडाबाई घरात पळाली, भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. नवी नवरी दारात आली की करतात तसं तिनं भाकरतुकडा त्या लोखंडावरून तीनदा ओवाळला, लांब फेकला, पाणी ओतलं, आणि ओल्या मातीत बोट बुडवून तेच कुंकू म्हणून लोखंडाला टेकवलं.

"सुकटीचं काय?" कुणीतरी चिडवलं.

"मरूंदे सुकट," आवडाबाई म्हणाली. ती रडत होती. "लांबून आलंय बिचारं."

संध्याकाळी पारावर दामाजीला बोलायचं होतं. सगुणा कोपऱ्यात बसून वाट बघत होती. झालं ते झालं, ती मनाशी म्हणत होती. दामाजी उठला आणि त्यानं सगळं सांगितलं, रूल कुठून उचलला तेही. लोक आ वासून ऐकत होते. शेवटी तो म्हणाला, "आता कुनी म्हनंल, ह्यांच्या हाताला गुण नव्हता. तर ज्याला वाटंल त्यानं उद्या रुलाचा तुकडा खांद्यावर घ्यावा, होडीतून न्यावा, बुडी मारून माणूसभर चिखलात पुरावा. मंग बोलावं."

दुसऱ्या दिवशी रूळ उचलायला कुणी आलं नाही. उलट शिमग्याला त्या वर्षी तंटाच झाला नाही. लोकांना चुकल्यासारखं वाटलं.

यंत्र नाशिकला गेलं, पण भोक रुंद करून पाइप ओढून मगच. पाइपातून केबल आली, खांब आले, आणि पाडव्याच्या सकाळी सुमेधा जोडणी तपासायला आली तेव्हा सगुणाच्या दारात रांग होती. तानाजीनं रात्रीच्या गाडीनं यायचं कबूल केलं होतं आणि तो खरंच आला होता, पेढे घेऊन.

सगुणानं गिरणीवरची जांभळी साडी काढली. तेरा वर्षांत खिडकीतलं ऊन रोज एकाच जागी पडून साडीवर फिका पट्टा उठला होता. तिनं ती आत नेली, आणि बाहेर आली तेव्हा तीच नेसून आली. पट्टा बरोबर खांद्यावर आला होता.

पहिली गोणी दामाजीची. तो ती उचलायला वाकला.

"एकट्यानं उचलू नका भावजी," सगुणा म्हणाली. "नंतर लोकांना खोटं सांगाल." आणि तिनं गोणीचं दुसरं टोक धरलं.

सुमेधानं बटणाकडे बोट दाखवलं. सगुणानं पदर खोचला आणि बटण दाबलं. पट्टा एकदा अडखळला, दगड कुरकुरले, मग घरभर अशी घरघर भरली की कुडाच्या पलीकडून आवडाबाईनं काहीतरी विचारलं ते सगुणाला ऐकूच आलं नाही.

"काय बोलतेस?" ती ओरडली.

"चाय!" आवडाबाई ओरडली. "तिला चाय दिलीस काय गो?"

सगुणानं खाली हात धरला. ऊन ऊन पीठ तळहातावर पडत होतं.

"सवड नाय तिला!" ती ओरडून म्हणाली. "कामाला लागली ती!"